पोथी सर्वांची, खर्च कुणाचा?

फ्रान्स्वा बर्निए हा फ्रेंच वैद्य १६६० च्या दशकात काशीला पोचला. हिंदुस्थानातल्या विद्येचं सर्वांत मोठं ठाणं म्हणून या शहराचं नाव त्यानं दिल्लीत ऐकलं होतं. पुढे ४ ऑक्टोबर १६६७ रोजी इराणातल्या शिराझहून त्यानं शाप्लँ या आपल्या विद्वान स्नेह्याला लांबलचक पत्र लिहिलं. त्यात तो काशीला हिंदुस्थानचं अथेन्स म्हणतो आणि लगेच सांगतो, की आपल्याकडच्यासारखं विद्यापीठ मात्र इथे नाही. इमारत नाही, वर्ग नाहीत. गुरू शहरभर विखुरलेले. कुणी स्वतःच्या घरात शिकवतो, कुणी गावाबाहेरच्या बागेत, आणि या बागा श्रीमंत सावकारांनी वापरायला दिलेल्या आहेत. कुणाकडे चार शिष्य, कुणाकडे सहा-सात, फारच नामांकित असेल तर बारा-पंधरा. मुलं दहा-दहा, बारा-बारा वर्षं गुरूकडे राहतात, निवांतपणे शिकतात आणि सावकारांच्या खर्चानं शिजलेली खिचडी खातात.

या सगळ्या वर्णनात मला ती खिचडी सर्वांत मोलाची वाटते. तिच्या उल्लेखामुळे बर्निएच्या हातून काशीच्या विद्येचा जमाखर्च लिहिला गेला. जागा सावकाराची, जेवण सावकाराचं, शिकवणं गुरूचं. आणि शिकवण्याची किंमत त्यात कुठेच लावलेली नाही.

आज जगभरातल्या मुक्त सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांपुढे हाच जमाखर्च उभा आहे. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८५ मध्ये आपला जाहीरनामा प्रसिद्ध केला. प्रोग्राम कुणीही वाचावा, बदलावा, दुसऱ्याला द्यावा, अशी त्यामागची भूमिका. मग तो लिहिणाऱ्याचं आणि वर्षानुवर्षं सांभाळणाऱ्याचं पोट कसं भरायचं? पैसे घेतले तर देणाऱ्याची मर्जी सांभाळावी लागेल का? चाळीस वर्षं हा वाद चालू आहे. काशीतल्या मराठी पंडितांच्या घराण्यांनी हा प्रश्न सोळाव्या शतकापासून पुढची तीनशे वर्षं प्रत्यक्ष जगून पाहिला. व्याकरणावरची टीका, धर्मशास्त्रावरचा निबंध, महाभारताचा शुद्ध पाठ ही त्यांची कामं त्याच जातीची होती. एकानं लिहायची, हव्या त्यानं उतरवून घ्यायची, पुढच्यानं चूक काढायची, त्याच्याही पुढच्यानं त्यावर टिप्पण लिहायचं. मूळ लेखकाची परवानगी कुणी मागत नव्हतं आणि मागावी असं कुणाला वाटतही नव्हतं.

या मंडळींत पहिलं मोठं घराणं भट्टांचं. पैठणचे रामेश्वरभट्ट सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात काशीत येऊन स्थायिक झाले. त्यांचे पुत्र नारायणभट्ट यांचा जन्म १५१३ चा. काशी, प्रयाग आणि गया या तीन क्षेत्रांच्या यात्राविधीवरचा ‘त्रिस्थलीसेतु’ हा त्यांचा ग्रंथ, आणि अकबराच्या काळात विश्वेश्वराचं मंदिर पुन्हा उभं राहिलं त्यातही त्यांचं नाव घेतलं जातं. पंडितसभेत अग्रपूजेचा मान या घराण्याकडे आला. नारायणभट्टांचे नातू कमलाकरभट्ट यांनी १६१२ मध्ये ‘निर्णयसिंधु’ पूर्ण केला. एकादशी कोणत्या दिवशी धरायची इथपासूनचे वाद त्यावरून सुटत आले. दुसरे नातू नीलकंठभट्ट आणि पणतू गागाभट्ट. गागाभट्टांचं नाव ६ जून १६७४ च्या रायगडावरच्या राज्याभिषेकामुळे महाराष्ट्रात घरोघरी पोचलं आहे.

या लोकांची एक ठाम धारणा होती. ठरावीक मोबदला घेऊन वेद शिकवणारा, म्हणजे भृतकाध्यापक, हा श्राद्धाच्या पंक्तीला बसवायच्या लायकीचा नाही असं मनुस्मृती सांगते. विद्या देणं हे दान. दक्षिणा घ्यावी, पण ती शिकून झाल्यावर, शिष्याच्या ऐपतीनुसार. आधी ठरवून नव्हे. धनिकानं द्यावं, पण शिकवण्याच्या बदल्यात म्हणून देऊ नये. आज हे नुसतं सोवळं वाटेल, पण त्याच्यामुळे एक गोष्ट नक्की घडली. विद्येवर कुणाची मालकी बसली नाही.

याचा अर्थ सगळंच फुकट होतं असा मात्र नाही, आणि इथे या मंडळींचा व्यवहार बारकाईनं पाहण्याजोगा आहे. पोथी उतरवणाऱ्या लेखनिकाला रोख मजुरी मिळे. ती मोजायचं माप होतं ‘ग्रंथ’, म्हणजे बत्तीस अक्षरांचा एक एकक. पोथी गद्य असो वा पद्य, शेवटी ग्रंथसंख्या लिहिलेली असे आणि तिच्या हिशेबानं लेखनिकाचे पैसे चुकते होत. कागद, शाई, वेष्टनाचं कापड, पोथी दूरच्या गावी पोचवणारा माणूस, या सगळ्याला पैसे पडत. म्हणजे ज्ञानाला किंमत नव्हती, श्रमाला होती. अनेक पोथ्यांच्या अखेरीस, ही स्वतःसाठी आणि इतरांच्याही उपयोगासाठी लिहिली, असा मजकूर सापडतो. पैसे मोजून उतरवून घेतलेली पोथीही एकट्याची राहत नसे.

ग्रंथ लिहिणाऱ्याच्या चरितार्थाची वाट वेगळी होती. तिथे राजे येत. नीलकंठभट्टांना आश्रय होता चंबळ आणि यमुनेच्या संगमाजवळच्या भरेह इथल्या सेंगर राजाचा, भगवंतदेवाचा. नीलकंठांनी धर्मशास्त्रावरचे आपले बारा ‘मयूख’ ज्या ग्रंथात गुंफले त्याचं नावच ‘भगवंतभास्कर’ ठेवलं. संत एकनाथांच्या वंशातले अनंतदेव हेही काशीतले. त्यांच्या ‘स्मृतिकौस्तुभा’मागे कुमाऊंचा राजा बाजबहादुर चंद होता. गागाभट्टांनी शिवाजी महाराजांच्या नावानं ‘शिवार्कोदय’ रचला. देणाऱ्याचं नाव ग्रंथाच्या शीर्षकात, त्याच्या कुळाची स्तुती मंगलाचरणात, आणि तिथून पुढे शेवटच्या पानापर्यंत फक्त शास्त्र. वारसाहक्काचा नियम काय, हे भरेहच्या राजानं ठरवलं नाही. नीलकंठांनी आपल्या ‘व्यवहारमयूखा’त पूर्वीच्या निबंधकारांशी वाद घालून जी मतं मांडली ती इतकी स्वतंत्र ठरली, की ब्रिटिश अमदानीत गुजरात, मुंबई बेट आणि उत्तर कोकणासाठी मुंबईच्या उच्च न्यायालयानं ती प्रमाण मानली. भगवंतदेवाचं राज्य कुठे होतं हे आज शोधावं लागतं. ग्रंथावरचं त्याचं नाव मात्र कुणी काढलं नाही. देणाऱ्याला मान आणि लिहिणाऱ्याला मोकळीक अशी ही वाटणी होती, आणि मला ती अतिशय शहाणपणाची वाटते.

मतभेद झाले तर निकाल कोण देणार? विश्वेश्वराच्या देवळातल्या मुक्तिमंडपात पंडितांची सभा भरे. महाराष्ट्रातून वाद येत, कारण इकडच्या लोकांना आपल्या माणसांनी काशीत बसून दिलेला निर्णय हवा असे. १६५७ साली कोकणातल्या देवरुखे ब्राह्मणांशी पंक्तिव्यवहार ठेवावा की नाही, असा प्रश्न या मंडपापुढे आला आणि तिथे जमलेल्या पंडितांनी सह्यांचं निर्णयपत्र दिलं. सह्या करणारे अनेक घराण्यांचे आणि अनेक प्रांतांचे, म्हणून त्या कागदाला वजन. १६६९ मध्ये औरंगजेबाच्या हुकमानं ते देऊळ पडलं. मंडप गेला, पण शिकवणं थांबलं नाही, कारण ते मुळात देवळात नव्हतंच. ते घराघरांत आणि बागांत होतं.

आता कवींद्राचार्य सरस्वतींकडे वळायला हवं. या कथेतला सर्वांत तेजस्वी माणूस आणि सर्वांत मोठी हुरहुर त्यांचीच.

ते गोदाकाठचे ऋग्वेदी ब्राह्मण, संन्यास घेऊन काशीत राहिलेले. काशी आणि प्रयागला येणाऱ्या यात्रेकरूंकडून मोगल सरकार कर घेत असे. कवींद्राचार्य शाहजहानच्या दरबारात गेले, बाजू मांडली आणि तो कर माफ करवून आले. ही बातमी आल्यावर काशीत जो आनंद झाला त्याचं लेखी चिन्ह शिल्लक आहे. देशोदेशीच्या पंडितांनी त्यांच्या गौरवासाठी संस्कृतात रचना केल्या आणि त्यांचा ‘कवींद्रचंद्रोदय’ झाला. पुढे १९३९ मध्ये तो पुण्यात छापला गेला. हिंदी कवींनीही त्यांच्यासाठी ‘कवींद्रचंद्रिका’ रचली. शाहजहाननं त्यांना ‘सर्वविद्यानिधान’ ही पदवी दिली.

बर्निए आपल्या पत्रात एका बड्या पंडिताची गोष्ट सांगतो, नाव देत नाही. शाहजहाननं या पंडिताला दोन हजार रुपयांची नेमणूक दिली होती. औरंगजेब तख्तावर आला आणि ती बंद झाली. ती परत मिळावी म्हणून हा पंडित दिल्लीला आला आणि बर्निएचा धनी दानिशमंदखान याच्या पदरी राहिला. तीन वर्षं बर्निएचा आणि त्याचा सहवास होता. बर्निए खानाला हार्वे आणि पेके यांचे शरीररचनेचे नवे शोध समजावून सांगे, गासंदी आणि देकार्त यांचं तत्त्वज्ञान सांगे. ते सांगून थकला की पंडितजींची पाळी येई. दिल्लीतल्या एका अमिराच्या घरी न्यायशास्त्र आणि देकार्त एका बैठकीत आले, तेही एक नेमणूक बंद पडल्यामुळे. पुढे बर्निए काशीला गेला तेव्हा याच पंडितानं त्याचं स्वागत केलं, ग्रंथालयात नेलं आणि शहरातले सहा विद्वान बोलावून चर्चा घडवली. हा पंडित म्हणजे कवींद्राचार्यच, असं अनुमान पुण्याच्या भांडारकर संस्थेतले संशोधक परशुराम कृष्ण गोडे यांनी पुराव्यांची जुळणी करून मांडलं, आणि ते मला पटतं.

कवींद्राचार्यांचा पोथ्यांचा संग्रह त्या काळात अपूर्व होता. त्या संग्रहाची म्हणून एक यादी १९२१ मध्ये बडोद्याच्या गायकवाड प्राच्यमालेत प्रसिद्ध झाली. तिच्यात दोन हजारांवर नावं आहेत. वेद, व्याकरण, मीमांसा, वैद्यक, ज्योतिष, काव्य, शिल्प. संन्याशाला स्वतःचं असं काही नसतं. मिळेल ते या पोथ्यांत गेलं. पोथीच्या पानावर त्यांच्या नावाची नोंद असे, आणि तिच्यामुळेच पुढचं कळतं. कारण संग्रह टिकला नाही. त्यांच्यामागे पोथ्या फुटल्या, विकल्या गेल्या, हातोहाती गेल्या. त्यांच्या नावाची नोंद असलेल्या पुष्कळ पोथ्या आज बिकानेरच्या अनूप संस्कृत ग्रंथालयात आहेत; तिथला राजा अनूपसिंह स्वतः पोथ्यांचा मोठा संग्राहक होता. काही आणखी दूर गेल्या.

एवढ्या मोठ्या संग्रहामागे जी व्यवस्था होती ती सगळी एका माणसाच्या नावावर होती. बादशहानं एका माणसाला दिलं. बादशहा बदलला, देणं थांबलं. माणूस गेला, संग्रह गेला. ज्या मराठी पंडित घराण्यांना कुणी दोन हजारांची नेमणूक दिली नव्हती, ज्यांना कधी भरेहचा राजा, कधी कुमाऊंचा, कधी घाटावरचा सावकार आणि कधी पैठणचा यात्रेकरू थोडं थोडं देत होता, त्यांचं काम पिढ्यान्‌पिढ्या चाललं.

२०१४ च्या एप्रिलमध्ये सॉफ्टवेअरच्या जगाला असाच धक्का बसला. ओपनएसएसएल हा मुक्त प्रोग्राम जगातल्या बँका, दुकानं आणि सरकारी खात्यांचे संदेश गुप्त ठेवण्याचं काम करत होता. त्यात हार्टब्लीड नावाचं भगदाड सापडलं. चौकशीत दिसलं, की ज्याच्यावर एवढा डोलारा उभा होता तो प्रोग्राम पूर्ण वेळ सांभाळणारा माणूस एकच, आणि देणगीपोटी वर्षाला येत होते जेमतेम दोन हजार डॉलर. त्यानंतर बड्या कंपन्यांनी लिनक्स फाउंडेशनमार्फत एकत्र येऊन निधी उभा केला. आपल्याकडे २०२४ मध्ये झिरोधा या कंपनीनं जगभरच्या मुक्त प्रकल्पांसाठी वर्षाला दहा लाख डॉलरचा निधी जाहीर केला. हे चांगलंच झालं. पण काशीचा इतिहास वाचलेल्या माणसाला पहिला प्रश्न हाच पडेल, की देणारे किती आहेत, आणि त्यांतला एक उद्या मागे फिरला तर काय होईल.

कवींद्राचार्यांच्या नंतरच्या पिढीत कोपरगावचे नीलकंठ चतुर्धर काशीत आले. सगळ्या महाभारतावर टीका लिहायची त्यांची इच्छा. पण कोणत्या महाभारतावर? प्रांताप्रांतात पाठ वेगळे. त्यांनी निरनिराळ्या देशांतल्या पुष्कळ पोथ्या जमवल्या, ताडून पाहिल्या, त्यांना उत्तम वाटलेला पाठ निवडला आणि मग ‘भारतभावदीप’ लिहिला. हे काम काशीतच होऊ शकत होतं. काश्मिरी, बंगाली, द्रविड, गुजराती पंडित एकाच शहरात आपापली पोथी घेऊन येत होते आणि ती पाहायला देत होते. पोथी लपवून ठेवायची रीत असती, तर नीलकंठांना घरोघर पैसे मोजूनही हे काम झालं नसतं. दिल्यानं वाढतं असं आपण विद्येबद्दल सहज म्हणतो. इथे ते अक्षरशः खरं झालं.

नागेशभट्ट काळे यांच्याबद्दल मला विशेष ममत्व आहे. काशीतले हे महाराष्ट्रीय वैयाकरण, भट्टोजी दीक्षितांचे नातू हरि दीक्षित यांचे शिष्य. ‘शब्देंदुशेखर’, ‘परिभाषेंदुशेखर’, ‘मंजूषा’ हे त्यांचे ग्रंथ आजही व्याकरणाच्या अभ्यासाचा कळस मानले जातात. त्यांना अपत्य नव्हतं. शब्देंदुशेखर हा मुलगा आणि मंजूषा ही मुलगी, दोन्ही शिवाला अर्पण, असं त्यांनी लिहून ठेवलं आहे. आश्रय प्रयागजवळच्या शृंगवेरपुरच्या रामसिंहाचा. जयपूरच्या सवाई जयसिंहानं यज्ञासाठी बोलावलं तेव्हा, क्षेत्रसंन्यास घेतल्यामुळे काशी सोडता येत नाही, असं सांगून ते गेले नाहीत असं परंपरा सांगते. मोठ्या दरबाराचं आमंत्रण नाकारायला छोट्या संस्थानिकाचा आधार पुरला. त्यांचे शिष्य वैद्यनाथ पायगुंडे, तेही मराठी. त्यांनी गुरूच्या ग्रंथांवर टीका लिहिल्या. ही विद्या पुढे पुण्याला आणि साताऱ्याला आली, आणि एकोणिसाव्या शतकात फ्रान्झ कीलहॉर्न या जर्मन पंडितानं ‘परिभाषेंदुशेखरा’चं संपादन आणि भाषांतर केलं ते पुण्याच्या शास्त्र्यांजवळ बसून.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहिली पाहिजे. ही मोकळीक सर्वांना नव्हती. पोथी मुक्त होती ती ब्राह्मण पुरुषांत. बाईला आणि शूद्राला वेदाच्या आसपासही जागा नव्हती, आणि खिचडीची ती पंगतही जात पाहूनच बसत होती. काशीतच १५७३ मध्ये एकनाथांनी भागवताच्या एकादश स्कंधावरची आपली मराठी टीका पूर्ण केली. संस्कृतातलं ज्ञान लोकभाषेत आणणारा तो ग्रंथ होता, आणि काशीच्या पंडितांनी त्याला आधी विरोध केल्याची कथा महाराष्ट्र विसरलेला नाही. त्याच एकनाथांच्या वंशातल्या अनंतदेवांनी पुढे संस्कृतात धर्मशास्त्र लिहिलं. समाजाची मूल्यं जपून पैसा उभा करायचा, हे ठीकच. पण समाज म्हणजे कोण, हे न विचारता मूल्यं जपली तर दार बंद ठेवण्याचंही एक मूल्य होऊन बसतं.

अठराव्या शतकात मराठ्यांचं राज्य वाढलं आणि काशीकडे जाणारा पैसाही. दशाश्वमेधापासून पंचगंगेपर्यंत मराठ्यांनी घाट आणि वाडे बांधले, अन्नछत्रं घातली, वर्षासनं बांधून दिली. अहिल्याबाई होळकरांनी १७८० च्या सुमारास विश्वेश्वराचं देऊळ पुन्हा उभारलं. ब्रह्माघाट आणि दुर्गाघाटाच्या गल्ल्यांत मराठी कानावर पडे. पुण्यात याच्याच जोडीला श्रावणातली दक्षिणा होती. तळेगावच्या खंडेराव दाभाड्यांनी सुरू केलेली ही चाल १७३१ नंतर पेशव्यांनी पुण्याला आणली. देशभरचे ब्राह्मण येत, परीक्षा होई, विद्येप्रमाणे दक्षिणा मिळे. पुढे पुढे परीक्षा मागे पडली आणि नुसता रमणा, म्हणजे सरसकट दक्षिणावाटप, राहिला. पैसा वाढला की निवड सैल होते, हे त्या दक्षिणेच्या इतिहासात वर्षागणिक दिसतं. आणि तो पैसा शेवटी रयतेच्या शेतसाऱ्यातून येत होता. जिच्या घामातून तो आला, तिच्या मुलांना त्यातलं अक्षर मिळत नव्हतं.

इंग्रज आले आणि देणाऱ्याचा हेतू उघड झाला. काशीचे रेसिडेंट जोनाथन डंकन यांनी १७९१ मध्ये संस्कृत पाठशाळा काढली. पहिल्या वर्षाला १४,००० रुपये मंजूर झाले, पुढे वर्षाला २०,०००. उद्देश लिहूनच ठेवलेला: हिंदू कायदा समजावून सांगणारे पंडित कंपनीच्या न्यायाधीशांना मिळावेत. पहिले मुख्य अध्यापक काशीनाथ पंडित; त्यांना १८०१ मध्ये गैरव्यवहारावरून दूर करण्यात आलं. वैद्यनाथ पायगुंड्यांचे पुत्र बाळंभट्ट कोलब्रुक या कंपनीच्या अधिकाऱ्यासाठी धर्मशास्त्राचा संग्रह तयार करू लागले. काय लिहायचं हे आता मागणाऱ्याच्या गरजेवरून ठरत होतं. तरी या पाठशाळेतून चांगलंही निघालं. पुण्यात १८२१ मध्ये जन्मलेले बापूदेवशास्त्री परांजपे तिथे गणित आणि ज्योतिष शिकवत, आणि ‘सूर्यसिद्धांता’चं त्यांचं इंग्रजी भाषांतर १८६१ मध्ये प्रसिद्ध झालं.

पुण्याच्या दक्षिणेचं मात्र जे झालं ते मला या साऱ्या कहाणीतलं सर्वांत शिकवणारं वाटतं. १८१८ नंतर एल्फिन्स्टननं ती एकदम बंद केली नाही, वर्षाला ५०,००० रुपयांवर आणली. तिच्यातल्या पैशांतून १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात हिंदू कॉलेज निघालं. १८४९ मध्ये पुण्यातल्या सुधारकांनी अर्ज केला, की या पैशाचा काही भाग मराठीत उपयुक्त पुस्तकं लिहिणाऱ्यांना द्यावा, मग ते कोणत्याही जातीचे असोत. शहरात गदारोळ झाला, पण दक्षिणा प्राइझ कमिटी आली. जोतीराव फुल्यांनी १८५५ मध्ये आपलं ‘तृतीय रत्न’ हे नाटक या कमिटीकडे पाठवलं आणि ते नाकारलं गेलं. निधीचं दार कागदावर उघडलं तरी आत बसणारी माणसं तीच होती. ते नाटक फुल्यांच्या हयातीत छापलं गेलं नाही. मराठी नाटकाच्या इतिहासातलं ते नुकसान कुणी भरून देऊ शकलेलं नाही.

याच निधीतून दक्षिणा फेलो नेमले जाऊ लागले. महादेव गोविंद रानडे हे एक. रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे दुसरे. पेशव्यांच्या रमण्यातला पैसा असा वळत वळत एका अशा विद्वानाच्या शिक्षणाला लागला, ज्यानं पुढे उत्तर हिंदुस्थानात आणि गुजरातेत हिंडून सरकारसाठी हजारो पोथ्या मिळवल्या. आणि ६ जुलै १९१७ रोजी पुण्यात त्यांच्या नावाची प्राच्यविद्या संस्था स्थापन झाली. सरकारी संग्रह तिथे आला. भांडारकरांनी आपलीही पुस्तकं तिला दिली.

या संस्थेनं महाभारताची चिकित्सक आवृत्ती हाती घेतली. १ एप्रिल १९१९ रोजी वृद्ध भांडारकरांच्या हस्ते काम सुरू झालं. औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी एक लाख रुपये जाहीर केले आणि ग्रंथासाठी स्वतः चित्रंही काढली. एवढ्यावर काम भागणार नव्हतं, हे संस्थेनं ओळखलं होतं. हैदराबादच्या निजामांनी मदत दिली आणि संस्थेच्या आवारात अतिथिगृह बांधून दिलं. मुंबई सरकार, मद्रास सरकार, म्हैसूर, बडोदा, विद्यापीठं, परदेशी अभ्यासमंडळं असे देणारे जमत गेले. पोथ्या ताडून पाहण्याचं काम पुण्याबरोबर शांतिनिकेतन आणि तंजावरलाही चाले. सगळ्या मिळून १,२५९ पोथ्या पाहिल्या गेल्या. विष्णु सीताराम सुखटणकर १९२५ पासून मुख्य संपादक होते. १९४३ च्या जानेवारीत ते गेले. काम थांबलं नाही. श्रीपाद कृष्ण बेलवलकर आले, मग परशुराम लक्ष्मण वैद्य आले, आणि १९६६ मध्ये ग्रंथ पुरा झाला. देणाऱ्या राजांपैकी एकाचंही राज्य त्या अर्धशतकात टिकलं नव्हतं. औंध, बडोदा, हैदराबाद सगळी संस्थानं विलीन होऊन गेली होती.

त्या आवृत्तीच्या तळटीपांत नीलकंठ चतुर्धरांनी काशीत निवडलेला पाठ जागोजाग नोंदलेला आहे. संपादकांनी तो मुख्य पाठ म्हणून स्वीकारला नाही. अनेक परंपरांपैकी एक म्हणून ठेवला आणि वाचणाऱ्याला दोन्ही ताडून पाहता येतील अशी सोय केली.

पुढे क्योटोतले मुनेओ तोकुनागा यांनी या सगळ्या आवृत्तीचा मूळ पाठ संगणकावर आणला. केंब्रिजच्या जॉन स्मिथ यांनी तो छापील ग्रंथाशी ताडून दुरुस्त केला आणि कुणीही विनामूल्य उतरवून घ्यावा म्हणून खुला ठेवला. दोघांचा पगार आपापलं विद्यापीठ देत होतं.